एका दिवसात किती वायनरी बसतात?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोन जोडपी सकाळी निघून रात्री परत असं द्राक्षबागांच्या भागात वाइन टेस्टिंगला जायचं ठरवतोय. मित्राने पाच वायनरींची लिस्ट काढलीये, शिवाय मधे कुठेतरी छान निवांत जेवायचंय. गाडी आमचीच. वाइनमधलं चौघांनाही फारसं कळत नाही. हे सगळं एका दिवसात बसेल का, आणि काय वाचून जावं?

उत्तर: पाच नाही बसणार, आणि ओढूनताणून बसवूही नका. दोन ठेवा, अगदीच राहवलं नाही तर तीन. हिशोब बघा ना, टेस्टिंगला एका प्रकाराची साधारण ३० ते ६० मिली ओततात आणि असे पाच-सहा प्रकार असतात, म्हणजे ५० मिली धरली तरी एका ठिकाणी २५० मिली झाली आणि बाटलीच असते ७५० मिलीची. तीन ठिकाणी सगळं संपवलं की माणशी एक अख्खी बाटली, तीही बहुतेक १२ ते १४ टक्के अल्कोहोलची! घोटघोटच तर घेतोय असं वाटत राहतं, तिथेच गडबड होते.

आणि गाडी आमचीच म्हणालात ना, ते वाचून मला खरंच काळजी वाटली. चालवणारा कोण ते घरातून निघतानाच ठरवा आणि त्याने दिवसभर अजिबात घ्यायची नाही, "मी थोडीशीच घेईन" हे पण नको. कॉफी प्या नाहीतर तोंडावर गार पाणी मारा, चढलेली लवकर उतरत नाही, लिव्हर त्याच्या वेगानेच काम करतं. चौघांनाही चव घ्यायची असेल तर ड्रायव्हरसकट गाडी करा, इथे पैसे वाचवू नका.

आता प्लॅन. लोक आधी वायनरी ठरवतात आणि जेवण मिळेल तिथे, मग चार वाजता उपाशीपोटी भांडणं होतात. तुम्ही उलटं करा, जेवणाचं टेबल एकच्या सुमाराचं आधी बुक करा. सकाळी नीट नाश्ता करून अकराला पहिली वायनरी, तेव्हा जीभ ताजी असते, मग जेवणाला चांगले दोन तास, आणि साडेतीनच्या पुढे दुसरी. एक मोठी निवडा जिथे टाक्या, बॅरल वगैरे फिरवून दाखवतात, आणि एक छोटी, जिथे वाइन बनवणाराच समोर येऊन बोलण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे आधी फोन करा, खूप ठिकाणी बुकिंगशिवाय घेत नाहीत.

वाचून काहीही जाऊ नका हो. सेंट मात्र लावू नका, वाइनची अर्धी मजा वासात असते. आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन) आणि व्हाइट, मग रेड, गोड शेवटी, कारण दणकट रेडनंतर हलकी व्हाइट पाणचट लागते. टेबलावर रिकामं भांडं दिसेल, ते चव घेऊन थुंकायला आणि ग्लासातली उरलेली ओतायला असतं, बिनधास्त वापरा, वाइनच्या धंद्यातली माणसंही तसंच करतात. रेडने जीभ आखडल्यासारखी, कोरडी झाली तर ते टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, खूप उकळलेल्या चहाने होतं ना तसंच. बागेत काळी द्राक्षं लागलेली असली तर विचारून एक घ्या आणि बोटांत चिरडून बघा, बहुतेक जातींचा रस जवळजवळ बिनरंगाचा निघतो, रंग सगळा सालीत! साली रसात तशाच काही दिवस ठेवतात म्हणून रेड वाइन लाल होते. हे एकदा हातावर बघितलं की पुढचं सगळं आपोआप कळायला लागतं, आणि मग प्रश्न विचारायला लाज पण वाटत नाही.

बाटल्या घेणार असाल तर शेवटच्या ठिकाणीच घ्या, किंवा सोबत थंड राहणारी बॅग न्या. उन्हात उभ्या गाडीत दोन तास राहिलेली वाइन घरी उघडली की शिजल्यासारखी लागू शकते, आणि मग फार वाईट वाटतं.