कान तुटलेला कप

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजार भागात तीन पिढ्यांपासून राहतो. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बेन बारा वर्षांपासून येतात. दिवाळीला त्यांना एक पगार जादा देतो, साडी देतो, त्यांच्या मुलाची शाळेची फीसुद्धा दोनदा भरली. मात्र त्यांच्या चहाचा कप वेगळा आहे. त्याचा कान तुटलेला असून तो मोरीजवळच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असतो. परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “बेनच्या कपाला कान का नाही?” सासूबाई म्हणाल्या, “आपण तिचे इतके करतो, कपाचे काय घेऊन बसलीस!” मला उत्तर सुचले नाही. सासूबाईंचे मन न दुखवता काय करावे?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आपल्या सासूबाई कंजूष नाहीत आणि निष्ठुरही नाहीत, हे आपल्या पत्रावरूनच दिसते. अडचण नेमकी तेथेच आहे. साडी, फी, जादा पगार ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली दया आहे, आणि ती करताना देणारा आपल्या पायरीवरून खाली उतरत नाही. एकाच ट्रेमधला कप पुढे करताना मात्र उतरावे लागते. म्हणून पुष्कळ उदार घरांतही कप वेगळा राहतो.

हे समजून घ्यायला आपल्याला शहराबाहेर जावे लागणार नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि 1913 मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. 1917 मध्ये ते येथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्याहून कितीतरी खालच्या हुद्द्यावरचे शिपाई फायली दुरून त्यांच्या टेबलावर टाकत, आणि कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा कोणी देईना, म्हणून पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत उतरले. तेथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर ते ज्या कमाटीबागेत जाऊन बसले, तेथे आपण बडोदेकर आजही सकाळी फिरायला जातो. महाराजांचे औदार्य खरेच होते, पण ते त्या कचेरीतल्या पाण्याच्या माठापर्यंत पोहोचले नाही. आपल्या घरातली फी आणि आपल्या घरातला कप यांच्यामध्ये नेमके तेवढेच अंतर आहे.

बोलण्याचा मुद्दा आपण काढलेला नाही, पण तो याला लागूनच आहे. आपण आईला आणि देवाला ‘तू’ म्हणतो, त्यामुळे ‘तू’ हा शब्द मुळात अपमानाचा नाही. परंतु वयाने मोठ्या असलेल्या बेनना आपण ‘तू’ म्हणावे आणि त्यांनी मात्र आपल्याला ‘तमे’च (गुजरातीतले ‘तुम्ही’) म्हणावे, अशी रीत असेल तर ती जिव्हाळ्याची म्हणता येणार नाही. आपल्या मुलीने त्यांना अहो-जाहो करावे, एवढे उद्यापासून सहज होऊ शकेल.

आता कपाविषयी. सासूबाईंशी वाद घालू नका. वादात त्यांना आपली बाजू राखावी लागेल आणि कप आणखी पक्का होईल. तो कान तुटलेला कप कोणताही गाजावाजा न करता भंगारात टाका आणि दुपारचा चहा सर्वांसाठी एकाच प्रकारच्या कपांत गाळा. बेननी खुर्चीवरच बसावे असा आग्रह मात्र धरू नका. इतक्या वर्षांची सवय त्यांचीही आहे आणि सर्वांसमक्ष ओढून बसवले, तर त्यांना तो मान न वाटता परीक्षा वाटेल. बसायला पाट हवा की खुर्ची, हे त्यांनाच विचारावे.

मुलीला खरे सांगावे : कपाला कान नव्हता, कारण आम्ही चांगला कप द्यायला तयार नव्हतो, आणि ते चुकीचे होते. आठ वर्षांच्या मुलीला एवढे नक्की समजते.

आणि समजा, सासूबाईंनी उद्या रागाने स्वतःचाच कप वेगळा काढून ठेवला, तर तो तसाच राहू द्यावा. ज्याला वेगळेपणा हवा आहे त्यानेच तो पाळावा. बेनचा कप मात्र ट्रेमध्येच असावा.