शून्याने भागल्यावर उत्तर ‘अनंत’ का लिहीत नाहीत?

शून्याने भागाकार अव्याख्यात आहे, कारण त्याचं उत्तर ठरेल अशी एकही संख्या नाही, आणि ‘अनंत’ लिहूनही ती अडचण सुटत नाही. भागाकार म्हणजे उलटा गुणाकार: १२ ÷ ३ = ४, कारण ४ × ३ = १२. आता १२ ÷ ० साठी अशी संख्या हवी जिला शून्याने गुणल्यावर १२ येतील. पण शून्याने कशालाही गुणा, शून्यच येतं. ० ÷ ० ची गत नेमकी उलटी. तिथे ५ चालतात, ७०० पण चालतात, म्हणजे एक ठरावीक उत्तरच उरत नाही. अनंताचं म्हणाल तर १ ला ०.१, ०.०१, ०.००१ ने भागत गेलात की १०, १००, १००० असं वाढत जातं हे खरं, पण −०.१, −०.०१ करत दुसऱ्या बाजूने या, −१०, −१०० मिळतात. मग अधिक अनंत धरायचं की वजा? शंका रास्तच आहे तुमची: ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये ० ÷ ० = ० मानलं होतं, तर बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ म्हणून अनंत मानलं. एक मात्र आहे, हे सगळं आपल्या नेहमीच्या संख्यांपुरतं. संमिश्र संख्यांच्या (√−१ धरून बनणाऱ्या संख्यांच्या) गणितात रीमान गोलावर, म्हणजे या सगळ्या संख्या आणि जोडीला ∞ हा एकच बिंदू मांडलेल्या गोलावर, १ ÷ ० = ∞ असं मुद्दाम ठरवून घेतात, पण तिथेही ० ÷ ० आणि ० × ∞ अव्याख्यातच राहतात.