गोरा सिंग, नांदेडची कौर

तू लिहिलंस, "ताई, माझं लग्न एका स्कॉटिश मुलाशी ठरलंय. तो शीख होतोय. दिवाळीनंतर आम्ही लेस्टरला राहणार. तिथले शीख त्याला आपलं मानतील का?" हे वाचल्यावर दोन दिवस मला काही लिहिता आलं नाही. व्हिसा, पगाराची अट, आरोग्याचा अधिभार हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते तिथेच वाच. मी दुसरं सांगते.

मी तुझ्यासारखीच नांदेडची, दखनी शीख. घरात दखनी, शाळेत मराठी. पंजाबी कळते, बोलताना अडखळते. एकोणीस वर्षांपूर्वी लग्न होऊन लंडनमधल्या साउथॉलजवळ आले. नवरा इंग्रज. तेव्हा त्याने केस राखले होते, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अमृत छकलं, म्हणजे खालसा दीक्षा घेतली.

धर्माकडून विचारशील तर अडचणच नाही. रहत मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, स्पष्ट आहे की कोणत्याही देशाचा, कोणत्याही जातीचा माणूस, बाई असो की पुरुष, अमृत घेऊ शकतो. १६९९ च्या वैसाखीला गुरू गोबिंदसिंगांच्या हाकेला जे पाच जण उठले ते लाहोर, हस्तिनापूर, द्वारका, जगन्नाथपुरी आणि बिदरचे. बिदर तर आपल्या शेजारचं. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत. साउथॉलच्या दरबारात मी पहिल्यांदा नामदेवांचा शबद ऐकला तेव्हा ओढणीत तोंड लपवून रडले होते.

पण इथल्या गुरुद्वाऱ्यात धर्माबरोबर पंजाब असतो. गाव कुठलं, जिल्हा कुठला, मामा कोण, लग्न कुणाकडे. त्या गप्पांत तुझ्या नवऱ्याला शिरता येणार नाही, आणि तुलाही नाही. हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. त्याला मान मिळेल. आमच्याकडे पहिल्या रविवारीच माझ्या नवऱ्याभोवती गर्दी झाली. वैसाखीच्या नगरकीर्तनात त्याला पुढे उभं केलं, हातात माइक दिला, फोटो काढले. तो चार ओळी गुरमुखी वाचायचा तर लोक वाहवा करायचे. मी सहाव्या वर्षापासून पाठ करते, माझ्या उच्चारांवर बायका एकमेकींकडे बघायच्या. एकीने विचारलं, "तू हिंदू ना?" मला त्याचा हेवा वाटला. इतक्या वर्षांत हे मी त्याच्याजवळ बोललेले नाही, तुला लिहितेय.

तो मान पाहुण्याचा असतो. पाहुण्याला कोणी रागवत नाही आणि घरीही बोलवत नाही. सात वर्षांनी लंगरमध्ये डाळीत मीठ जास्त पडलं म्हणून एका म्हाताऱ्या बीबीजींनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी तो इतका खुशीत घरी आला की मला आधी कळेचना काय झालं. म्हणून त्याला सांग, रविवारी गर्दीत जाऊ नकोस. आठवड्यातल्या दिवशी पहाटे जा, पोळ्या लाटायला बस, भांडी घास. माइक दिला तर हात जोड.

तो योगाच्या वर्गातून इकडे वळला असं तू लिहिलंस. बरेच गोरे शीख त्याच वाटेने आले. योगी भजन अमेरिकेत गेले, १९६९ मध्ये त्यांची थ्री एचओ ही संस्था सुरू झाली. पांढरे कपडे, बायकांनाही पगडी. पण कुंडलिनी योग मर्यादेत कुठेही नाही, त्यामुळे पंजाबी मंडळी आधी जरा दुरूनच बघतात. योगी भजन २००४ मध्ये वारले. त्यांच्यावरच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांची त्यांच्याच अनुयायी संस्थांनी चौकशी करवली, आणि २०२० च्या त्या अहवालात आरोप खरे असण्याची शक्यता जास्त असल्याचं म्हटलं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला हे ठाऊक आहे का, ते लग्नाआधी विचार.

आणखी एक बोलून घे. तो पुस्तकातून शिकणार, तू घरातून शिकलीस. आपल्या नांदेडच्या हजूर साहिबला दिवे ओवाळून आरती होते, शस्त्रांना चंदन लागतं. माझ्या माहेरीही संध्याकाळी आरती. इथे मी पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा नवऱ्याने मर्यादेचं पुस्तक उघडून दाखवलं, दिव्यांची आरती गुरमतीत बसत नाही. पुस्तकात तसंच आहे. आपल्या हजूर साहिब तख्ताची मर्यादा वेगळी, हे मला त्याला नीट इंग्रजीत सांगता आलं नाही. दिवा कपाटात ठेवला. अजून तिथेच आहे.

आता कागद. अमृतानंतर त्याने आडनाव सोडून 'सिंग' लावलं. नाव बदलायचा कागद एका दुपारी झाला, पुढची तीन वर्षं मी निस्तरत होते. जन्मदाखल्यावर जुनं नाव, लग्नाच्या दाखल्यावर जुनं, पासपोर्टवर सिंग. भारताचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, काढताना अर्ज दोनदा परत आला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "या दाखल्यावर आहे तो नवरा आणि हा नवरा एकच कशावरून?" बाळ कडेवर रडत होतं. प्रतिज्ञापत्र, पुन्हा फी, पुन्हा रांग. नाव बदलायचं असेल तर लग्नाची नोंदणी करण्याआधी बदला.

लग्न इथे करणार असाल तर गुरुद्वाऱ्याला आधीच लेखी विचारा. आंतरधर्मीय आनंदकारजावरून, म्हणजे शीख पद्धतीच्या लग्नावरून, इथे मोठे वाद झाले आहेत. २०१६ च्या सप्टेंबरात लेमिंग्टनच्या गुरुद्वाऱ्यात ५५ जणांना अटक झाली होती. तुमचं तसं नाही, तो शीख होतोय, पण गोरा चेहरा बघून कोणीतरी विचारणारच.

शाळेचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. माझा मुलगा बापावर गेलाय, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. सहाव्या वर्षी पटका, म्हणजे मुलांची छोटी पगडी, बांधून शाळेत गेला तर बाईंनी सांगितलं, टोपी काढून ठेव. वर्गात दुसरा एक पंजाबी मुलगा पटक्यातच बसला होता. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, हा खरंच शीख आहे असं गुरुद्वाऱ्याचं पत्र आणा. १९८३ मध्ये मंडला खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शाळेने अडवलेल्या पगडीवाल्या मुलाच्या बाजूने निकाल दिला. त्यातच म्हटलंय की बाहेरून आलेला माणूस स्वतःला त्या समाजाचा मानत असेल आणि समाज त्याला मानत असेल, तर तो त्यातलाच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पत्र मागायला गेले. कमिटीत एक जण म्हणाले, तुमच्या कुटुंबाला इथे ओळखतं कोण? पत्राला तीन आठवडे लागले. तेच लोक वैसाखीला माझ्या नवऱ्याचा फोटो लावायचे.

त्या तीन आठवड्यांत मी मुलाला उघड्या जुड्याने शाळेत पाठवलं. भांडायला हवं होतं, निदान घरी ठेवायला हवं होतं. मी नोकरीत नवी होते, सुट्टी मागायची भीती वाटली. मुलांनी त्याचा जुडा ओढला. पत्र आल्यावर पटका पुन्हा बांधला, पण तो गप्प झाला होता. तेराव्या वर्षी त्याने केस कापले. नवरा एक शब्द बोलला नाही. मला वाटत होतं की बोलावं, मला दोष द्यावा.

नवऱ्याची पगडी पाच मीटरची. तिची पूणी, म्हणजे ताणून लांब घडी, करायला दुसरं टोक धरणारा कोणीतरी लागतो. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी मुलगाच ते टोक धरतो. दोघं बोलत नाहीत. मी चहा ठेवते.

एकटेपणाचं विचारलंस. आहे. कामाला लागलीस की दिवस जातो.

तुझ्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर 'कौर'चं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच बघ. वेगळं असेल तर नांदेडला असतानाच दुरुस्त करून घे. आणि येताना आईकडचा दिवा आणणार असशील, तर त्याला आधी सांग.