जप वाढवला, तरी धडधड थांबेना

"ताई, देव रुसला का हो आमच्यावर?" रावेर तालुक्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या एका मावशींचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जूनच्या वादळात कापणीला आलेली केळीबाग आडवी झाली होती. पीककर्जाची मुदत तोंडावर, विम्याचा पत्ता नाही, आणि मुलगा दार लावून बसलेला. मावशींनी रोजच्या एका माळेच्या अकरा माळा केल्या, आठवड्याला तीन उपास धरले. झोप मात्र पार उडाली.

जप करताना मन कुठे असतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बऱ्हाणपूरच्या भावात." पहाटे मोबाईलवर बऱ्हाणपूर बाजारातला केळीचा भाव बघून मगच त्या माळ हातात घेत होत्या.

"माझी भक्ती कमी पडते" ही खंत अनेकांना असते, आणि ती खरी नसते. रिकामं पोट, अपुरी झोप, वरवरचा श्वास अशा घाबरलेल्या शरीरात मन भटकणारच. शिवाय 'एवढा जप केला की विमा मिळेल' असं ठरवलं की रोज विमा येत नाही आणि रोज आपणच नापास होतो. तो जप नामस्मरण राहत नाही, आणखी एक हप्ता होतो.

म्हणून आधी कमी केलं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याने डॉक्टरांना विचारून उपास सोडले. माळ पुन्हा एकच, आणि मोबाईल त्यानंतर. माळेआधी दहा श्वास: मनात चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. गरगरलं तर मोजणी कमी करायची, ताणायचं नाही. मग हरिपाठाचा एकच अभंग, मोठ्याने. मोठ्याने म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, आणि भटकलेलं मन शब्दावर परत आणणं सोपं जातं. दहादा भटकलं तर दहादा आणायचं, स्वतःला न रागावता.

काळजीला संध्याकाळी पाचची पंधरा मिनिटं दिली. वहीत एका बाजूला हातातलं: पंचनाम्याची प्रत, बँकेत कर्ज पुनर्गठनाची चौकशी. दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं: भाव, पाऊस. पहिल्यातलं एक काम उद्यासाठी ठरवायचं, दुसरी यादी देवापुढे वाचून वही मिटायची. हे अंथरुणात केलं की झोप जाते, तिथेच बहुतेकांचं चुकतं.

पहिल्या आठवड्यात फरक नव्हता. नंतर एकदम शांती आली असंही नाही. आधी पहाटे तीनला जाग आल्यावर पुन्हा डोळा लागू लागला, मग भाकरीला चव आली. आशेची सुरुवात अशीच दिसते.

जास्त काळजी मुलाची होती. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना मुक्ताईने विनवलं, ते मुक्ताईनगरच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मावशींनीही उपदेश थांबवला. दाराशी बसून सरळ विचारलं, "मरायचे विचार येतात का रे?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो "हो" म्हणाला. त्याच दिवशी फवारणीची औषधं घरातून हलवून दिरांकडे कुलपात ठेवली, मुलाला एकटं सोडलं नाही, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत, चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर दोघांनी मिळून फोन केला. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मावशी त्याच्यासोबत गेल्या. त्याच्या गोळ्या चालू आहेत, मावशींची एक माळही.