दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात

भाऊ, वहिनींच्या स्तनातल्या गाठीच्या सोनोग्राफीत ‘बायरॅड्स ५ (स्तनाच्या फोटोंना शंकेप्रमाणे देतात तो आकडा), कॅन्सरची दाट शंका’ आणि गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, साधी गाठ’; यातला खोटा कोणता, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक कोणताच नाही. ही गाठ दुर्मिळ आहे आणि फोटोत हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. सोनोग्राफीवाल्याने ५ लिहिलं ते बरोबरच केलं, मीही तेच लिहिलं असतं.

ही गाठ मज्जातंतूंभोवतीच्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशींपासून होते. तिला आवरण नसतं. वावरातल्या हरळीसारखी ती आजूबाजूच्या चरबीत शिरत जाते. म्हणून मॅमोग्राफीत कडा काटेरी दिसतात. सोनोग्राफीत गाठ काळपट, वेडीवाकडी दिसते आणि मागे गडद सावली पडते, कारण आतला घट्ट तंतुमय भाग ध्वनिलहरी पुढे जाऊच देत नाही. कधी वरची कातडीही आत ओढली जाते. काही बायांमध्ये मात्र ती गोल, गुळगुळीत असते, अगदी फायब्रोअ‍ॅडेनोमा (स्तनातली नेहमीची साधी गाठ) वाटावी अशी. एमआरआयनेही उलगडा होत नाही. चुन्याचे कण सहसा नसतात आणि जागा बरेचदा वरची, छातीच्या मधल्या हाडाकडची असते. पण एवढ्यावरून निदान होत नाही.

निदान तुकड्यावरच. रिपोर्टात ‘एस-१०० पॉझिटिव्ह, सायटोकेरॅटिन निगेटिव्ह’ लिहिलंय का बघा; पहिली खूण श्वान पेशींत सापडते, दुसरी स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये. नसेल तर लॅबमधून तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि सेवाग्रामला किंवा नागपूरला दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ज्यांनी तुकडा काढला त्यांनाही विचारा, जाड सुई नेमकी गाठीतच गेली होती ना? फोटो इतका वाईट आणि रिपोर्ट साधा, तेव्हा हे विचारायलाच हवं. त्यात संकोच नको.

गाठ काढावी लागेल, पण भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट फक्त गाठ. कड राहिली तर ती परत येऊ शकते. या निदानावर पूर्ण स्तन काढायची किंवा केमोची गरज नसते. कुणी नुसता सोनोग्राफीचा कागद बघून तसं सांगत असेल तर सही करू नका. हिची कॅन्सरी जात असते, पण फारच क्वचित. म्हणून काढलेली गाठ पुन्हा पूर्ण तपासतात.

वहिनी म्हणतात कापूस वेचणी होऊ द्या. आधी काचांची खात्री करा, त्याला उशीर नको. ती झाली की ऑपरेशन वेचणीनंतर ठेवता येईल का ते सर्जनला विचारा, बहुधा हो म्हणतील. पण तारीख पक्की करूनच गावी परता.