बुक्का पुसला आणि आई निघून गेली

*मावशी, स. न. वि. वि.*

*मी चाळिशीचा, इंजिनिअर, राहणार पिंपरी-चिंचवड. देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सह्या गोळा केल्या, दाभोलकरांच्या खुनानंतर मोर्च्यांत चाललो. आई माळकरी. माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी करते. मी तिला कधी अडवलं नाही.*

*यंदा ती वारीहून आली तेव्हा सोसायटीतल्या तीन-चार बायका तिच्या पाया पडायला आल्या होत्या. तिने माझ्या आठ वर्षांच्या मुलीला बुक्का लावला. मी सगळ्यांसमोर रुमाल काढून तो पुसला आणि म्हणालो, "कोळशाच्या पुडीने कुणाचं भलं होत नसतं." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला ताईकडे निघून गेली, ती अजून आलेली नाही.*

*ताई फोनवर म्हणाली, "तू आणि आबाकाका एकाच माळेचे मणी." आबाकाका म्हणजे बिनमाळेच्या माणसाच्या घरी पाणीसुद्धा न पिणारे. हे मला फार लागलं. माझ्याकडे पुरावा आहे, त्यांच्याकडे काय आहे? आणि आईसुद्धा काही कमी नाही. माझ्या सासरी मासे शिजतात म्हणून तिथे चहा घेत नाही. शिवाय एकादशीला बीपीची गोळी चुकवते. नम्र व्हायचं म्हणजे मी खोटं बोलायचं का?*

*– ताठ मानेचा*

---

ताठ मानेच्या बाळा,

देव आहे की नाही याचा निवाडा या सदरात होत नाही. तुला देव नाही असं वाटतं, तर नाही म्हण. त्यात एक अक्षर बदलायला मी सांगणार नाही. खोटं बोलून माणूस नम्र होत नाही, लबाड होतो.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एका गोष्टीशी अडकले. बुक्क्याला तू अख्खा परिच्छेद दिलास, रुमालासकट. आणि गोळीला? शेवटी शेवटी, 'शिवाय' म्हणून एक वाक्य. अरे, त्या दोन्हींत तुझ्या आईच्या जिवाशी संबंध कशाचा आहे? बुक्का संध्याकाळी तोंड धुताना आपोआप गेला असता. रक्तदाबाची गोळी अधूनमधून चुकवणं हा खरा धोका. तुझं सगळं विज्ञान जिथे उपयोगी पडलं असतं तिथे तू एका वाक्यात उरकलंस, आणि जिथे बघायला चार माणसं होती तिथे रुमाल काढलास. मी तुझ्यापेक्षा शहाणा, असं एकदा मनात बसलं की माणूस असंच करतो. जे दिसेल ते भांडण निवडतो, लागेल ते नाही.

'मी कधी अडवलं नाही' हेही जरा पुन्हा वाच. तिने वारीला जायची परवानगी तुझ्याकडे कधी मागितली होती?

आता पुराव्याचं. आबाकाकांचं आणि तुझं मत सारखं आहे असं तुझी ताई म्हणालीच नाही. तुझी बाजू भक्कम आहे, धरून चालू. काका लोकांच्या घरातलं पाणी नाकारतात, तू लोकांच्या कपाळावरचा बुक्का नाकारतोस. समोरच्याला मात्र दोघांकडून एकच कळतं, की तू खालचा. तुझ्या ताईने ते पाहिलं. पुरावा कितीही पक्का असला तरी तो आपल्या आईला शेजारणींसमोर गप्प करायचा परवाना देत नाही. त्या बायका निघून गेल्यावर तू म्हणाला असतास, "आई, मला हे पटत नाही, मुलीला लावू नकोस," तर ते मत झालं असतं. भांडण झालं असतं कदाचित, पण तिने साताऱ्याची गाडी धरली नसती.

ज्या कायद्यासाठी तू सह्या गोळा केल्यास, त्याच्याकडेही एकदा बघ. अठरा वर्षं झगडून तो २०१३ मध्ये आला, तोही डॉक्टर दाभोलकरांचा जीव गेल्यावर. त्याने रोखलं काय? भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, करणी-भानामतीची दहशत, चमत्कार दाखवून लुबाडणूक, औषधोपचार अडवून गंडेदोरे. आणि वगळलं काय? यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, भजन. कायदा लिहिणाऱ्यांनी रेघ ओढली ती फसवणूक आणि इजा यांच्याभोवती. देवाधर्माला आपला विरोध नाही, शोषणाला आहे, हे दाभोलकर जाहीर सभांतून सांगत आले. तुझ्या आईची वारी त्या रेघेच्या अलीकडे आहे, तिचा बुक्काही. गोळी चुकवणं कायद्यात बसत नाही, पण तुझ्या कामात नक्की बसतं.

हे झालं तुझं. आता आईची बाजू, कारण मी काही तिची वकील नाही.

वारीत एक रीत आहे. वारकरी भेटला की त्याला 'माउली' म्हणायचं आणि पाया पडायचं. समोरचा वयाने लहान असो, धंद्याने हमाल असो की शाळामास्तर, आधी कोण वाकलं याचा हिशेब नसतो. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतच्या त्या दिवसांत तुझी आई किती अनोळखी पायांवर वाकली असेल, विचार कर. आणि तीच बाई घरी येऊन सुनेच्या माहेरचा चहा नाकारते! माळ घातल्यावर मासे सोडायचे हे ठीकच. कपातला चहा कुणी तळलेला नसतो. माळेची म्हणून एक ऐट असते. ती आबाकाकांना चढली आहे, थोडी तुझ्या आईलाही.

या ऐटीची खोड संतांनाच सगळ्यांत आधी कळली होती. गोरोबाकाकांची, म्हणजे गोरा कुंभारांची गोष्ट लहानपणी ऐकली असशील. संत जमलेत, मुक्ताबाई गोरोबांना म्हणतात, यातली मडकी भाजली आहेत का बघा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे गप्प बसतात, नामदेव चिडतात, आणि कच्चे ठरतात. नामदेव, ज्यांच्याशी विठ्ठल बोलायचा! आपल्या लाडक्या संताबद्दल ही गोष्ट आजही कीर्तनात हसत सांगितली जाते. तुकोबांनी तर स्वतःवरच ओढवून घेतलं, 'बरा कुणबी केलों, नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों.' पुढे म्हणतात, 'विद्या असती कांहीं, तरी पडतों अपायीं.' देव मानणाऱ्याने लिहिलंय म्हणून सोडून देऊ नकोस. पदवीच्या ताठ्याबद्दल इतकं नेमकं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आणि तुझ्या बाजूचा म्हणावा असा एक माणूस त्याच वाटेवर होता. गाडगेबाबा. नवसाची कोंबडी-बकरी, कर्ज काढून घातलेली जेवणं, दगडाला घातलेलं तूप, कीर्तनात सगळ्याची चिरफाड करायचे, तुझ्यापेक्षा कितीतरी झणझणीत. लोक हसत ऐकायचे. कारण दिवसभर त्यांनी त्याच लोकांचं गाव खराट्याने झाडलेलं असायचं.

तर आता काय करायचं.

साताऱ्याला जा. बरोबर मुलीला ने. आईला सांग, "सगळ्यांसमोर पुसलं ते चुकलं." तिथे थांब. 'पण मला म्हणायचं होतं की' हे पुढे जोडलंस तर गेला नसतास तरी चाललं असतं. ती परत आली की सोसायटीतल्या त्या बायकांसमोरही हेच म्हण. अपमान दिवाणखान्यात आणि माफी स्वयंपाकघरात, हा हिशेब बरोबर नाही. प्रसाद खाऊन दाखवायची, माळेला हात जोडायची काही गरज नाही. ते नाटक तिला पहिल्या क्षणी कळेल.

मग तिला वारीबद्दल विचार. पकडायला नाही, माहीत नाही म्हणून. यंदा दिवे घाटात पाऊस होता का, मुक्कामाला राहुटीत किती जणी होत्या, भाकऱ्या कोण थापायचं, पायाला फोड आले तेव्हा काय लावलं. इतकी वर्षं ती जाते आणि तुझ्या पत्रात तिच्या वारीची एकही खरी गोष्ट नाही, दिंडीचा नंबरसुद्धा नाही. हे तिला तू कधी विचारलंच नसावंस.

गोळीचं याच्यानंतर, आणि तुझ्या तोंडून नको. सध्या तू काहीही म्हणालास तरी तिला त्यात रुमालच दिसेल. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांच्याकडे ताईने तिला न्यावं. उपास असला तरी पाण्याबरोबर गोळी घ्यायची का, कधी घ्यायची, हे त्यांनीच तिला सांगू दे. तिच्या दिंडीच्या प्रमुखांचं ती ऐकत असेल तर त्यांनाही गाठ. वाटेवर दवाखान्यांचे तंबू असतात, औषधाला ते लोक नाही म्हणत नाहीत. घाई मात्र कर. तुझ्यापासून देवाच्या गोष्टी लपवायची सवय लागलेली बाई औषधाच्या गोष्टीही लपवते.

चहाचा विषय या भेटीत काढू नकोस. मी माफी मागितली, आता तू चहा पी, असा सौदा होतो तो. महिना-दोन महिन्यांनी दोघंच असताना सांग की तुझ्या बायकोला ते लागलं होतं. तिला कळेल, नाही कळलं तर पुन्हा सांग.

मुलगी एक दिवस विचारणारच, "आजी बरोबर की बाबा?" तेव्हा खरं उत्तर दे: आजी मानते, मी मानत नाही, तू मोठी झालीस की बघ. आणि बुक्का लावायचा की नाही हे तिलाच विचार. कपाळ तिचं आहे, आजीचंही नाही आणि तुझंही नाही.

आबाकाकांचं काय करायचं हे तू मला विचारलेलं नाहीस, म्हणून सांगत नाही.

– मावशी