पॅलेस थिएटर आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकच का? आणि ते त्याच जागी पुन्हा कशासाठी?

तुम्ही विचारलंय, की तुमचे कोल्हापूरचे आजोबा ज्याला पॅलेस थिएटर म्हणायचे ते म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह का, आणि ते जळाल्यावर शहराबाहेर ऐसपैस नवं सभागृह बांधायचं सोडून आम्ही त्याच जागेचा हट्ट का धरलाय. मी हौशी नाटकवाला आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी या रंगमंचावर कधी उभा राहिलोय, कधी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय, कधी नुसते सेटचे फ्लॅट उचललेत. त्यामुळे हे उत्तर घरच्या माणसाचं समजा.

हो, दोन्ही एकच. 1957 साली त्याला गायक नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र पॅलेस थिएटरच राहिलं. माझे वडीलही तेच म्हणायचे.

आता जागेचं. ते समजायला आधी शेजारचं खासबाग मैदान पाहावं लागतं. शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं जुनं कुस्त्यांचं मैदान पाहिलं आणि तसं आपल्या गावात हवं असं मनात घेतलं. 1912 साली खासबाग तयार झालं. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी. त्याच मैदानाला पाठ लावून 1913 साली नाट्यगृहाचं काम सुरू झालं आणि 1915 साली पुरं झालं. तेव्हाचं कोल्हापूर केवढं? वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात राजानं कुस्ती आणि नाटक यांना एका भिंतीच्या दोन बाजूंना जागा दिली. दुपारी मैदानात कुस्त्या बघणारा गडी रात्री तसाच नाटकाला येऊन बसू शकत होता. मला विचाराल तर या वास्तूचा सगळा अर्थ त्या भिंतीत आहे. नाट्यगृह दुसरीकडे नेलं की ती जोडी फुटते, मग कितीही भारी खुर्च्या बसवा.

केशवरावांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथल्या नव्या पोरांनाही नावापलीकडे फारसं ठाऊक नसतं. जन्म कोल्हापूरचा, 9 ऑगस्ट 1890. घरची गरिबी, त्यामुळे लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि स्त्रीभूमिका करत वाढले. गळा असा, की 1908 साली, सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. या वयाची आमची मुलं एकांकिका स्पर्धेत पहिल्यांदा तोंडाला रंग लावतात! पुढे 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. खाडिलकरांचं नाटक, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकमेकांच्या तोडीच्या दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आले होते. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, 4 ऑक्टोबरला केशवराव विषमज्वरानं गेले. वय अवघं एकतीस. ललितकलादर्श पुढे बापूराव पेंढारकरांनी आणि त्यांच्यामागून भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. ज्या गावानं असा माणूस जन्माला घातला, त्या गावाच्या नाट्यगृहाला दुसरं कुणाचं नाव शोभलं नसतं.

त्या काळचं कोल्हापूर नाटकानं किती भारलेलं होतं त्याची आणखी एक खूण सांगतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. पुढे बाबूरावांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि दामले, फत्तेलाल, शांताराम हे पुढचे सिनेदिग्दर्शक तिथेच तयार झाले. म्हणजे मराठी सिनेमाचा हातसुद्धा आधी नाटकाच्या पडद्यावर बसला होता.

राजाश्रय गेल्यावर नाट्यगृह नगरपालिकेकडे आणि पुढे महानगरपालिकेकडे आलं आणि खऱ्या अर्थानं गावाचं झालं. शाळांची गॅदरिंग, सत्कार, शोकसभा, गाण्याच्या मैफली, व्यावसायिक नाटकांचे दौरे, आणि दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. स्पर्धेच्या दिवसांत आमचं बिऱ्हाडच तिथे असायचं. सकाळी टेम्पोतून सेट उतरवायचा, दुपारभर लाइट लावायचे, संध्याकाळी रंगभूषा, नटराजाची पूजा करून नारळ फोडायचा आणि तिसऱ्या घंटेला पोटात गोळा. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवताना मला कधी ओरडावं लागलं नाही. पुढे इतर गावांच्या नव्या सभागृहांत माइक असूनही घसा बसायचा, तेव्हा कळलं की जुन्या माणसांनी मापं किती विचारानं घेतली होती.

8 ऑगस्ट 2024. रात्री फोन आला, “थिएटर पेटलंय.” मी पोचलो तेव्हा गर्दीत नाटकातली ओळखीची तोंडं दिसत होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. छप्पर कोसळलं. लाकडी रंगमंच, पडदे, खुर्च्या, सगळं गेलं. पुढची दगडी बाजू तेवढी काळवंडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही राखेच्या वासातच जमलो. आमच्यातले एक वयस्कर नट, आयुष्यभर खलनायक केलेले, लहान पोरासारखे रडत होते. त्यांना धरून उभं राहताना माझेही पाय लटपटत होते.

राज्य सरकारनं लगोलग 20 कोटी जाहीर केले आणि पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं. तुमचा मुद्दा मला कळतो. बाहेर जागा मोकळी मिळेल, पार्किंग होईल, खुर्च्या वाढतील. पण आत्ताच्या जागी शिवाजी पेठेतला, मंगळवार पेठेतला माणूस चालत येतो. नाटक सुटल्यावर म्हातारी माणसं नातवाचा हात धरून घरी जातात. बाहेर नेलंत तर तो प्रेक्षक पहिल्याच महिन्यात तुटेल, आणि हौशी संस्थांचा सगळा भार त्याच प्रेक्षकावर आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जुनी मापं जपा. रंगमंचाची उंची, प्रेक्षागृहाचा उतार, आवाजाची धाटणी. आग विझवायची यंत्रणा मात्र पूर्ण नवी बसवा, त्यात पैशाकडे बघू नका.

कोल्हापूरला आलात तर आधी खासबागेत जा. बैठकीच्या अगदी वरच्या पायरीवर बसा आणि हौदाकडे बघा. मग नाट्यगृहाची बाजू कुठली, ते तिथल्या कुणालाही विचारा. आजोबा पॅलेस थिएटर म्हणायचे एवढं सांगा, म्हणजे एखादा म्हातारा पैलवान तुम्हाला स्वतः उठून दाखवायला येईल.